राजीनामा देणारे अर्थमंत्री : चिंतामणराव देशमुख



दरवर्षी १ नोव्हेंबर जवळ आला की शाळेत मध्य प्रदेश स्थापना दिवसाची तयारी सुरू होते. फलक लिहिले जातात, नकाशे रंगवले जातात, हिंदी भाषणे पाठ होतात. अशाच एका तयारीच्या वेळी नववीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, आपण १ मे साजरा करायचा की १ नोव्हेंबर? आपण इकडचे की तिकडचे?" वर्गात हशा झाला. आम्हीही हसलो आणि दोन्ही दिवस आपलेच आहेत असे सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. इंदूर, देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर येथील मराठी घरांत हा प्रश्न केव्हा ना केव्हा निघतोच.

त्या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याऐवजी या अंकात आम्ही एका माणसाचे चरित्र सांगणार आहोत. हा माणूस आयुष्यभर दिल्लीचे हात बळकट करीत राहिला, आणि एके दिवशी दिल्लीने एका राज्याच्या माणसांबद्दल घेतलेला निर्णय न पटल्यामुळे देशाचे अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडला. ते म्हणजे डॉ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख. देश त्यांना सी. डी. देशमुख या नावाने ओळखतो.

रोह्याचा मुलगा

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, संक्रांतीच्या दिवसांत, रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. घराणे रोह्याचे. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकिली करीत. त्या काळी या भागाला कुलाबा जिल्हा म्हणत, आज आपण त्याला रायगड जिल्हा म्हणतो. कुंडलिका नदीच्या काठचे रोहे हे तेव्हा लहानसे गाव होते. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये ते शिकले आणि १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले. संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. ही शिष्यवृत्ती मिळणे म्हणजे त्या काळच्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर मुकुट ठेवण्यासारखे होते.

संस्कृतात पहिला आलेला हा मुलगा केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेला तो मात्र विज्ञान शिकायला. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन त्याने १९१७ मध्ये पदवी मिळवली आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिकही घेतले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत तो पहिला आला. विज्ञान की संस्कृत, असा वाद घालणाऱ्या आमच्या अकरावीच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चिंतामणरावांनी दोन्ही कधी सोडले नाही. पुढे त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत अनुवाद केला, संस्कृतात काव्यरचना केली, आणि फावल्या वेळात बागकामही ते आवडीने करीत.

प्रांताच्या बाजूने

नोकरीसाठी त्यांना मिळाला तो मध्य प्रांत व वऱ्हाड. आपल्या आजच्या मध्य प्रदेशाचा बराचसा पूर्वभाग, छत्तीसगड आणि विदर्भ मिळून हा प्रांत होता आणि नागपूर ही त्याची राजधानी. वीस वर्षे ते या प्रांताच्या सेवेत होते. रायपूर भागात जमीनमहसुलाच्या फेरआकारणीचे काम त्यांनी केले. ही कामे तंबू ठोकून, गावोगाव फिरून, शेताचा बांध पाहून करायची असतात. महसूल सचिव आणि अर्थ सचिव या जागांवर ते तरुण वयातच पोहोचले. १९३१ मध्ये लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली तेव्हा तिच्या सचिवालयातही ते होते.

याच काळातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण आमच्या मते त्यांचे पुढचे आयुष्य समजण्यासाठी ती फार महत्त्वाची आहे. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना काही स्वायत्तता मिळणार होती. मग पैसा कोणाला किती मिळणार, हा प्रश्न आला. तो सोडवण्यासाठी सर ऑटो निमायर यांची नेमणूक झाली. प्रत्येक प्रांताने त्यांच्यापुढे आपापली बाजू मांडली. मध्य प्रांताच्या वतीने चिंतामणरावांनी तयार केलेल्या निवेदनाची मोठी वाखाणणी झाली. म्हणजे केंद्र आणि राज्य यांच्या तिजोरीच्या वादात त्यांनी पहिली बाजू मांडली ती राज्याची. शाळा, दवाखाने, रस्ते, पोलीस हे सारे प्रांताने चालवायचे, पण भरघोस उत्पन्नाचे कर मात्र केंद्राकडे, ही अडचण त्यांनी सचिवाच्या खुर्चीवरून अनुभवली होती.

बँकेच्या खुर्चीत

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, या बँकेचे गव्हर्नर होणारे ते पहिले भारतीय ठरले. तेव्हा युद्ध चालू होते, महागाई भडकली होती आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती. १९४४ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. तेथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. पारतंत्र्यातल्या हिंदुस्थानचे जे शिष्टमंडळ तेथे गेले त्यात चिंतामणराव होते.

पुढे फाळणी झाली. देशाचे दोन तुकडे झाले तरी नोटा एका रात्रीत वेगळ्या होत नाहीत. काही महिने रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम करीत होती आणि ती जबाबदारी चिंतामणरावांवर होती. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली. त्याच वर्षी जूनअखेर ते गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. त्यांच्या पहिल्या पत्नी रोझिना या इंग्रज होत्या. त्यांचे निधनही १९४९ मध्येच झाले.

दिल्लीच्या बाजूने

२६ जानेवारी १९५० रोजी आपले प्रजासत्ताक जन्माला आले. पहिल्या काही महिन्यांतच अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला. नियोजन आयोगाला मिळणारे अधिकार त्यांना पटले नव्हते. त्या रिकाम्या जागेवर पंडित नेहरूंनी १९५० मध्ये चिंतामणरावांना बोलावले. ते राजकारणी नव्हते, तुरुंगात गेलेले नव्हते, खादीधारी कार्यकर्ते नव्हते. तरी नेहरूंनी त्यांच्यावर भरवसा टाकला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्या कुलाब्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले.

नेहरूंचा आणि त्यांचा स्नेह केवळ कामापुरता नव्हता. जानेवारी १९५३ मध्ये चिंतामणरावांनी दुर्गाबाईंशी विवाह केला तेव्हा नेहरू साक्षीदार होते. दुर्गाबाई आंध्रच्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या, घटना समितीच्या सदस्य, आणि पुढे केंद्रीय समाज कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. हा स्नेह लक्षात ठेवा, कारण पुढे त्याची परीक्षा होणार आहे.

अर्थमंत्री या नात्याने चिंतामणरावांनी जे केले त्याने केंद्राची ताकद वाढतच गेली. पहिली पंचवार्षिक योजना १९५१ मध्ये सुरू झाली. योजना दिल्लीत ठरायची आणि राज्यांनी ती राबवायची, असा हा प्रकार होता. १ जुलै १९५५ रोजी जुन्या इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे काम तिला देण्यात आले. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला. देशी, परदेशी मिळून २४५ संस्थांचा कारभार एकत्र येऊन १ सप्टेंबर १९५६ पासून आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. आपल्यापैकी कितीतरी घरांत आजोबांची पहिली पॉलिसी याच महामंडळाची असेल.

मात्र दुसऱ्या बाजूचाही त्यांना विसर पडला नव्हता. राज्यघटनेप्रमाणे पहिला वित्त आयोग १९५१ मध्ये नेमला गेला. के. सी. नियोगी त्याचे अध्यक्ष होते. प्राप्तिकराच्या वाटपात राज्यांचा वाटा आयोगाने ५५ टक्के केला आणि काही उत्पादन शुल्कातही राज्यांना हिस्सा दिला. एकेकाळी निमायरपुढे प्रांताची बाजू मांडणारे चिंतामणराव आता केंद्राचे अर्थमंत्री होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत हे वाटप अमलात आले. राज्याला किती द्यावे यावर मतभेद असू शकतात, पण ते कोणाच्या मर्जीवर न ठेवता घटनेने नेमलेल्या आयोगाने ठरवावे, ही त्यातली खरी गोष्ट.

नकाशाचा प्रश्न

तिजोरीचे वाटप आयोगाने होऊ शकते. नकाशाचे वाटप कसे करायचे? १९५० साली आपल्या देशात राज्यांचे अ, ब, क असे गट होते. मुंबई राज्य 'अ' गटात होते. त्यात मराठी, गुजराती, कन्नड सगळेच होते. आपले मध्य भारत राज्य 'ब' गटात होते. होळकर, शिंदे आणि इतर संस्थाने विलीन होऊन ते १९४८ मध्ये झाले. त्याची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळी राजधानी इंदूर होती. भोपाळ आणि विंध्य प्रदेश 'क' गटात होते.

भाषेप्रमाणे राज्ये असावीत असे काँग्रेस स्वातंत्र्यापूर्वी म्हणत असे. फाळणीनंतर मात्र नेत्यांना भीती वाटू लागली. धर्मावरून देश तुटला, आता भाषेवरून तुटला तर? नेहरूंची ही भीती खोटी नव्हती, हे आपण मान्य केले पाहिजे. पण १५ डिसेंबर १९५२ रोजी पोट्टी श्रीरामुलू यांचा उपोषणात अंत झाला आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य करावे लागले. मग डिसेंबर १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर हे त्याचे तीन सदस्य होते. सप्टेंबर १९५५ मध्ये त्यांचा अहवाल आला. बहुतेक भाषांना आपापले राज्य मिळत होते. मराठी माणसांना मात्र गुजरातीभाषकांसह एक द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला होता.

सारे भांडण मुंबई शहरावर अडले होते. गिरण्यांमध्ये राबणारा आणि शहर चालवणारा मोठा वर्ग मराठी, व्यापार व भांडवल पुष्कळसे गुजराती आणि पारशी, आणि शहराच्या चहूकडे मराठी मुलूख. मुंबई सगळ्या देशाची आहे म्हणून ती कोणा एका राज्याला देऊ नये, असे एक मत होते. मुंबई महाराष्ट्राच्या भूमीवर उभी आहे, ती तोडता येणार नाही, असे दुसरे मत होते. मराठी पुढाऱ्यांतही एकमत नव्हते. आपल्या महू येथे जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर पुस्तक लिहून मराठी मुलखाची चार राज्ये करावीत आणि त्यांत मुंबई हे एक शहर-राज्य असावे, असे सुचवले होते. म्हणजे हा प्रश्न देशभक्त विरुद्ध देशद्रोही असा नव्हता. शहाणीसुरती माणसे वेगवेगळ्या बाजूंना उभी होती.

जानेवारी १९५६

नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेसने महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई अशी तीन राज्ये करण्याचे ठरवले. २१ नोव्हेंबरला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार होऊन माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी रेडिओवरून जाहीर केले की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. त्याच रात्रीपासून मुंबई पेटली. आठवडाभर दंगल, लूट आणि पोलिसांचा गोळीबार चालू होता. नोव्हेंबर आणि जानेवारी मिळून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. गिरणी कामगार, फेरीवाले, विद्यार्थी, आणि घराबाहेर पडलेली साधी माणसे. काही मुलेही होती. फ्लोरा फाउंटनच्या त्या चौकाला आज हुतात्मा चौक म्हणतात.

आता तारखा पाहा. १६ जानेवारीला पंतप्रधान रेडिओवर बोलले. १९ जानेवारीला अर्थमंत्री रेडिओवर बोलले, पण विषय आयुर्विम्याचा. मुंबईत गोळ्या सुटत असताना मुंबईच्याच विमा कंपन्या केंद्राच्या ताब्यात घेतल्याची घोषणा करायचे काम कुलाब्याच्या या खासदाराकडे आले होते. आम्ही हे वाचतो तेव्हा त्या आठवड्यात त्यांच्या मनात काय चालले असेल याचा विचार करतो. रिझर्व्ह बँक मुंबईत, स्टेट बँकेचे मुख्यालय मुंबईत, आणि होऊ घातलेले विमा महामंडळही मुंबईत. मुंबई ही साऱ्या देशाची पेढी आहे, हा युक्तिवाद चिंतामणरावांहून जास्त कोणाला ठाऊक असणार? तरीसुद्धा त्यांना तो पुरेसा वाटला नाही. शहरात सगळ्या देशाचा पैसा आहे म्हणून तेथे राहणाऱ्या माणसांचे निवडलेले राज्य सरकार काढून घ्यावे, हे त्यांना मान्य नव्हते.

त्यांनी त्याच महिन्यात नेहरूंकडे राजीनामा दिला. तो लगेच स्वीकारला गेला नाही. अर्थसंकल्प तोंडावर होता आणि दुसरी पंचवार्षिक योजना एप्रिलपासून सुरू व्हायची होती. चिंतामणराव थांबले. फेब्रुवारीअखेर त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि काही तोडगा निघेल म्हणून वाट पाहिली. काहींनी यावर टीका केली आहे की जायचे होते तर तेव्हाच जायला हवे होते. आमचे मत थोडे वेगळे आहे. हातातले काम अर्धवट टाकून रुसून निघून जाणे आणि काम पुरे करून, कारण सांगून बाहेर पडणे यांत फरक आहे.

जूनमध्ये मुंबईत काँग्रेस महासमितीची बैठक झाली. तेथे नेहरूंनी जाहीर केले की मुंबई पाच वर्षे केंद्राकडे राहील आणि नंतर लोकांना आपले मत देता येईल. तोडग्याची आशा संपली. जुलै १९५६ मध्ये चिंतामणरावांनी पद सोडले आणि २५ जुलैला लोकसभेत उभे राहून आपली कारणे सांगितली.

त्यांचे मुद्दे थोडक्यात सांगायचे तर तीन होते. पहिला, मुंबई केंद्राकडे ठेवण्यासारखा मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते, मग न झालेल्या चर्चेची जबाबदारी मंत्र्याने कशी घ्यायची? दुसरा, इतकी माणसे गोळीबारात मेली असताना त्याची न्यायालयीन चौकशी व्हायलाच हवी होती आणि ती सरकारने नाकारली. तिसरा, या सगळ्यात महाराष्ट्राविषयी आकस दिसतो, असा त्यांनी स्पष्ट आरोप केला. नेहरूंनी हे आक्षेप मान्य केले नाहीत. मंत्रिमंडळाला डावलल्याचा आरोप त्यांना लागला होता आणि त्यांनी सभागृहात त्याला उत्तर दिले. दोघांपैकी कोणाचे खरे यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात. पण एवढे निश्चित की ज्याच्या विवाहाला पंतप्रधान साक्षीदार होते, त्या मंत्र्याने मैत्री बाजूला ठेवून भर संसदेत मतभेद मांडला आणि पंतप्रधानांनी तो ऐकून घेतला. सहा वर्षांच्या प्रजासत्ताकासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

दोन कायदे आणि आपले राज्य

चिंतामणरावांच्या राजीनाम्यानंतर काही दिवसांतच संसदेत वारे फिरले. ऑगस्ट १९५६ मध्ये अनेक खासदारांच्या पुढाकाराने तीन राज्यांची योजना मागे पडली आणि मुंबईसह एक मोठे द्विभाषिक राज्य करण्याचे ठरले. म्हणजे मुंबई केंद्रशासित झाली नाही. हे केवळ एका राजीनाम्यामुळे झाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण त्या राजीनाम्याने प्रश्नाचे वजन वाढवले, हे खरे.

येथे वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांनी घटनेचे तिसरे कलम काढून वाचावे. राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. राज्याच्या विधानमंडळाचे मत फक्त मागवायचे असते, त्याची संमती लागत नाही. अमेरिकेत मात्र राज्याच्या विधानमंडळाच्या संमतीवाचून त्याची भूमी तोडता येत नाही. आपल्याकडे १९५५ मध्ये पाचवी घटनादुरुस्ती होऊन मत देण्याला मुदतही घालण्याची सोय झाली. मुंबईच्या विधानमंडळाला मत विचारले गेले ते तीन तुकड्यांच्या योजनेवर, आणि कायदा झाला तो द्विभाषिक राज्याचा. मग पुन्हा मत विचारायला नको होते का? बाबुलाल पराते यांनी हाच प्रश्न न्यायालयात नेला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पुन्हा विचारण्याची गरज नाही. कायद्याने केंद्राची बाजू बरोबर ठरली. आणि १ मे १९६० रोजी लोकमताने राज्याची बाजू बरोबर ठरली, कारण द्विभाषिक राज्य टिकले नाही आणि मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव आणि सीमाभागाचा प्रश्न मात्र मागे राहिला. त्यासाठी महाराष्ट्र सरकारने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

ज्या १९५६ च्या कायद्याने द्विभाषिक मुंबई राज्य केले, त्याच कायद्याने आपले मध्य प्रदेश केले. १ नोव्हेंबर १९५६ ही दोघांचीही तारीख. मध्य भारत, भोपाळ आणि विंध्य प्रदेश जुन्या मध्य प्रदेशाला जोडले गेले. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरचे राजधानीपण गेले. इंदूर आणि ग्वाल्हेर यांचेही राजधानीपण गेले आणि भोपाळ राजधानी झाली. माळव्यातल्या मराठी माणसाला त्या वेळी कोणी विचारले नाही की तुम्ही कोठे जाणार. आणि खरे पाहता विचारण्यासारखेही काही नव्हते. आपण कोठे जाणार? मल्हाररावांच्या आणि अहिल्यादेवींच्या काळापासून आपण येथेच आहोत. नकाशावरची रेघ हलली, आपण जागेवरच राहिलो.

पुढची वर्षे

साठाव्या वर्षी मंत्रिपद सोडलेल्या चिंतामणरावांनी घरी बसून आठवणी उगाळल्या नाहीत. १९५६ मध्येच ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत त्या पदावर होते. हे पदही केंद्राचेच, पण काम विद्यापीठांना मदत करण्याचे, आणि विद्यापीठे बहुतेक राज्यांची. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे ते १९ वर्षे अध्यक्ष होते. दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभे करण्यातही त्यांचा मोठा वाटा आहे. १९६९ मध्ये ते राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले. त्यात व्ही. व्ही. गिरी विजयी झाले आणि चिंतामणराव तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

शेवटची वर्षे त्यांनी हैदराबादला दुर्गाबाईंच्या संस्थांच्या सहवासात काढली. महाराष्ट्रासाठी मंत्रिपद सोडणारा हा माणूस अखेरीस तेलुगू मुलखात रमला, हेही आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले.

त्या प्रश्नाकडे परत

आता नववीच्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. चिंतामणराव इकडचे की तिकडचे? मध्य प्रांताची बाजू मांडताना ते प्रांताचे होते, अर्थ खात्यात ते केंद्राचे होते, २५ जुलैला लोकसभेत ते कुलाब्याचे होते आणि अखेरीस हैदराबादचे झाले. पण कोणत्याही टप्प्यावर त्यांनी एकाचे होण्यासाठी दुसऱ्याचा द्वेष केला नाही. केंद्र बळकट हवे असे मानणाऱ्याच माणसाने केंद्राला सांगितले की बळ असले तरी विचारल्यावाचून वापरू नये, आणि माणसे मेली असतील तर हिशेब द्यावा. राज्याची बाजू घेणे म्हणजे देशाची बाजू सोडणे नव्हे, हे त्यांनी स्वतः किंमत मोजून दाखवले.

आपणही घरी मराठी बोलतो, शाळेच्या दारात हिंदी, आणि परीक्षेत दोन्ही. १ मे आपला, कारण आपली भाषा तेथे राज्याची भाषा झाली. १ नोव्हेंबर आपला, कारण आपले घर येथे आहे. त्या दिवशी वर्गात वेळ मारून नेली होती, तेव्हा हे उत्तर त्या विद्यार्थ्याला या पानातून देत आहोत.

येत्या १ नोव्हेंबरला इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना १९५६ सालच्या घरातल्या आठवणी विचाराव्यात. नातेवाईक नागपूर, मुंबई, बेळगावला असतील तर तिकडेही फोन करावा. जे मिळेल ते एका पानावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. चांगली पाने पुढच्या अंकात छापू.